पाऊच छपाईला देण्याआधी: मालासाठी बारकोड कसा घ्यावा, कसा छापावा

हळद, बेदाणा, भडंग, चटणी असा माल पॅक करून विकणारे सांगली, मिरज, तासगाव भागातले लहान उद्योजक बारकोडवर अडतात ते बहुधा एकाच पद्धतीने. सुपरमार्केटची किंवा ऑनलाइन पोर्टलची मागणी येते. घाईघाईने डिझायनरला फोन जातो, तो कुठून तरी एक कोड पाऊचवर टाकून देतो, छपाईचे सिलिंडर (रंग उमटवणारे रूळ) तयार होतात आणि हजारो पाऊच छापून येतात. मग कळते की काउंटरवर कोड वाचलाच जात नाही, किंवा वाचला तर स्क्रीनवर भलत्याच कंपनीचे नाव येते. पाऊच रद्दीत घालायचे नाहीतर एकेकावर हाताने स्टिकर लावत बसायचे, एवढेच मग हातात उरते.

हे सगळे टाळता येते. त्यासाठी कामाचा क्रम सांभाळावा लागतो: आधी यादी, मग नोंदणी, मग नंबर, मग चित्र, मग चाचणी आणि सगळ्यात शेवटी छपाई. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने घ्या.

## सुरुवातीलाच स्पष्ट करून घ्या

बारकोडच्या रेघांत फक्त एक नंबर असतो. किंमत, वजन, पॅकिंगची तारीख यातले काहीही त्यात नसते. किंमत दुकानाच्या कॉम्प्युटरमध्ये असते. कोड वाचला की कॉम्प्युटर तो नंबर शोधतो आणि त्यापुढे लिहिलेले नाव व किंमत बिलावर आणतो. म्हणून एमआरपी बदलली तरी बारकोड बदलावा लागत नाही.

किरकोळ विक्रीच्या पाकिटावरचा नंबर १३ अंकी असतो. भारतात तो जीएस१ इंडिया ही संस्था देते आणि त्याची सुरुवात ८९० ने होते. ८९० याचा अर्थ 'माल भारतात बनला' असा नाही. कंपनीने नोंदणी भारतात केली आहे, एवढेच त्यावरून कळते.

एफएसएसएआयचा (अन्न परवान्याचा) १४ अंकी क्रमांक वेगळा, जीएसटीसाठीचा एचएसएन कोड वेगळा आणि यूपीआयचा क्यूआर कोड आणखी वेगळा. यातला एक असला म्हणून दुसरा नको, असे होत नाही. किराणा मालावर बारकोड असावाच अशी कायद्याची सक्ती नाही, ती मोठ्या दुकानांची आणि पोर्टलची अट असते. उलट निव्वळ वजन, एमआरपी, उत्पादकाचे नाव-पत्ता, ग्राहक तक्रारीचा संपर्क ही माहिती २०११ च्या वेष्टित वस्तू नियमांप्रमाणे द्यावीच लागते. बारकोडला जागा करताना यातली एखादी ओळ पाऊचवरून गाळली गेली, तर अडचण मोठी होते.

## पायरी १: मालाची यादी करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. ही यादी कच्ची राहिली की पुढचे सगळे कच्चे राहते.

नियम असा की ग्राहक जे पाकीट स्वतंत्रपणे विकत घेतो आणि ज्याची किंमत स्वतंत्र असू शकते, त्या प्रत्येक प्रकाराला स्वतंत्र नंबर. 'हळदीचा एक कोड आणि बेदाण्याचा एक कोड' असे चालत नाही.

उदाहरण घ्या. एका घरगुती उद्योगाकडे राजापुरी आणि सेलम अशी दोन प्रकारची हळद पावडर आहे, प्रत्येकी १००, २००, ५०० ग्रॅम आणि १ किलोच्या पाकिटांत. हे झाले ८ नंबर. बेदाणा हिरवा, पिवळा आणि काळा, प्रत्येकी २५० आणि ५०० ग्रॅम, म्हणजे ६. भडंग साधे आणि लसणाचे, प्रत्येकी दोन वजनांत, म्हणजे ४. दिवाळीसाठी या सगळ्याचा एक भेट बॉक्स काढला तर त्याला आणखी १. मालक म्हणतो, 'आमचे तीनच आयटम आहेत', पण यादी १९ नंबरांची निघते.

यादीत या रकान्यांची नोंद करा: ब्रँडचे नाव, मालाचे नाव, प्रकार, निव्वळ वजन, पाकिटाचा प्रकार (साधे पाऊच, झिप पाऊच, बरणी) आणि एका खोक्यात किती नग. येत्या दोन वर्षांत काय काय काढायचे मनात आहे, तेही खाली वेगळे लिहा. किती नंबर घ्यायचे हे त्यावरून ठरते.

तपासा: पाकिटांचे नमुने टेबलावर मांडा आणि यादीतली एकेक ओळ वाचून तेवढे पाकीट उचला. टेबलावर पाकीट उरले तर यादीत ओळ राहिली आहे.

## पायरी २: नोंदणी कोणाच्या नावावर, ते ठरवा

नंबर घ्यायचा ब्रँडच्या मालकाने. आपल्याकडे हळद एकाच्या शेतातली, दळण दुसऱ्याच्या गिरणीत, पॅकिंग कुपवाड एमआयडीसीतल्या तिसऱ्याकडे आणि नाव चौथ्याचे, असे सर्रास चालते. यातला चौथा, म्हणजे पाकिटावर ज्याचा ब्रँड आहे तो, नोंदणी करतो. पॅकिंग करून देणाऱ्याचा नंबर वापरला, तर उद्या पॅकर बदलल्यावर माल तुमचा आणि नंबर त्याचा, अशी स्थिती होते.

एखादी दुकानसाखळी तुमचा माल तिच्या ब्रँडने विकणार असेल तर नंबर ती देईल. तिथे स्वतःचा टाकू नका.

बचत गटांनी हे आधीच बसून ठरवावे. चार गटांचा माल एकाच नावाने बाजारात जाणार असेल तर ते नाव ज्या संस्थेच्या मालकीचे आहे तिच्या नावावर नोंदणी हवी. एका सदस्याच्या वैयक्तिक पॅनवर नोंदणी करून ठेवली की पुढे ती सदस्य बाहेर पडताना सगळ्यांचाच माल अडकतो.

## पायरी ३: नोंदणी

नोंदणी जीएस१ इंडियाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन होते. पॅन, जीएसटी प्रमाणपत्र, फर्म किंवा कंपनीचा पुरावा, उलाढालीचा पुरावा (ताळेबंद किंवा सीएचे प्रमाणपत्र) आणि रद्द केलेला चेक स्कॅन करून हाताशी ठेवा. शुल्क तुमच्या वार्षिक उलाढालीवर आणि किती नंबर हवेत यावर ठरते. चालू दर तिथेच पाहा, जुन्या पावतीवरून अंदाज बांधू नका.

नंबर १००, १,००० अशा टप्प्यांत मिळतात. वरच्या १९ नंबरांच्या उद्योगाला १०० पुरेसे आहेत. उगाच मोठा टप्पा घेऊन दरवर्षी जास्त पैसे भरण्यात अर्थ नाही.

फॉर्ममधले फर्मचे नाव पॅन आणि जीएसटीवर आहे तसेच्या तसे लिहा. 'अँड' आणि 'आणि', 'फूड' आणि 'फूड्स' एवढ्या फरकानेही पुढे पोर्टलवर ब्रँडची पडताळणी अडते.

सूक्ष्म आणि लघु उद्योगांना बारकोड शुल्काचा काही भाग परत देण्याची तरतूद केंद्र सरकारच्या एमएसएमई मंत्रालयाच्या योजनांत राहिली आहे. त्यासाठी उद्यम नोंदणी हवी. अर्ज सध्या घेतले जात आहेत का, हे जिल्हा उद्योग केंद्रात विचारून घ्या आणि शुल्काच्या पावत्या जपून ठेवा.

सावधान: काही शे रुपयांत 'आयुष्यभरासाठी बारकोड' देणारे विक्रेते इंटरनेटवर ढिगाने सापडतात. ते विकतात तो नंबर बहुधा परदेशातल्या कोणा जुन्या कंपनीच्या नावावर असतो. दुकानातल्या मशीनला तो नंबर वाचता येतो, म्हणून सुरुवातीला सगळे सुरळीत वाटते. पण ऑनलाइन पोर्टल नंबर जीएस१ च्या नोंदीशी ताडून पाहते. तिथे मालक वेगळाच निघाला की मालाची नोंद नाकारली जाते. कोणी नंबर दिला तर 'व्हेरिफाइड बाय जीएस१' या सेवेत तो टाकून कोणाच्या नावावर आहे ते आधी पाहा.

## पायरी ४: नंबर वाटा

नोंदणीनंतर तुम्हाला तुमच्या कंपनीचा ठरावीक अंकसमूह मिळतो. १०० च्या टप्प्यात ८९० धरून पहिले १० अंक कंपनीचे असतात, पुढचे २ अंक मालाचे (००पासून ९९पर्यंत) आणि शेवटचा १ पडताळणी अंक.

मालाचे दोन अंक सरळ क्रमाने द्या. '१ ने सुरू होईल ती हळद, २ ने सुरू होईल तो बेदाणा' असली रचना करण्याचा मोह होतो. पण अकरावी हळद काढली की ती रचना मोडते आणि मधले नंबर वाया जातात.

शेवटचा अंक मनाने टाकायचा नसतो, तो गणिताने येतो. पहिल्या १२ अंकांपैकी डावीकडून दुसरा, चौथा, सहावा असे सम जागेवरचे अंक मिळवून ३ ने गुणा. त्यात विषम जागेवरच्या अंकांची बेरीज मिळवा. ही बेरीज पुढच्या दशकापर्यंत नेण्यासाठी जे लागेल तो पडताळणी अंक.

८९०१२३४५६७८९ हे १२ अंक घेऊ. सम जागांवर ९, १, ३, ५, ७, ९. बेरीज ३४, तिप्पट १०२. विषम जागांवर ८, ०, २, ४, ६, ८. बेरीज २८. एकूण १३०. दशक आधीच पूर्ण, म्हणून पडताळणी अंक ०. नंबर झाला ८९०१२३४५६७८९०.

हाच नंबर मुद्दाम घेतला आहे. कित्येक डिझायनर जागा राखण्यासाठी पाऊचवर हाच टाकून ठेवतात. गणिताने तो बरोबर असल्यामुळे कोणतेही सॉफ्टवेअर चूक दाखवत नाही आणि नजरचुकीने तो तसाच छापला जातो. तुमच्या प्रूफवर (छपाईआधीच्या नमुन्यावर) १२३४५६७८९ असे ओळीने अंक दिसले तर तिथेच काम थांबवा.

एक्सेलमध्ये दोन गोष्टी बिघडतात. १३ अंकी नंबर साध्या रकान्यात टाकला की तो ८.९०…ई+१२ असा दिसू लागतो, म्हणून रकाना आधी टेक्स्ट करून घ्या. दुसरी चूक जास्त घातक. पहिला नंबर लिहून तो खाली ओढला तर एक्सेल नुसता शेवटचा अंक एकेकाने वाढवत जाते. तो तर पडताळणी अंक. अशी तयार झालेली यादी दिसायला छान असते, पण पहिली ओळ सोडली तर पुढचे बहुतेक नंबर चुकीचे असतात.

तपासा: प्रत्येक नंबर एकाच ओळीपुढे आहे ना? एकदा दिलेला नंबर माल बंद झाला तरी दुसऱ्या मालाला देऊ नका. दुकानांच्या कॉम्प्युटरमध्ये जुने नाव तसेच असते.

## पायरी ५: कोडचे चित्र आणि पाऊचवरची जागा

डिझायनरला कोड ईपीएस, एसव्हीजी किंवा पीडीएफ फाइलमध्ये द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला की रेघांच्या कडा फाटतात.

१३ अंकी कोडचा मूळ आकार, दोन्ही बाजूंची कोरी जागा धरून, ३७.२९ बाय २५.९३ मिमी. तो ८० टक्क्यांपर्यंत लहान करता येतो, म्हणजे सुमारे ३० बाय २१ मिमी. त्याखाली जाऊ नका. पाकीट फारच लहान असेल तर ८ अंकी कोडची सोय आहे, पण तो नंबर जीएस१ कडून वेगळा मागावा लागतो. १३ अंकांतले काही काढून तो तयार होत नाही.

डिझायनर सगळ्यात जास्त काय कापतात, तर कोरी जागा आणि उंची. मूळ आकारात डावीकडे किमान ३.६३ मिमी आणि उजवीकडे २.३१ मिमी कोरे हवे. त्या जागेत 'शुद्ध शाकाहारी'चे हिरवे चिन्ह किंवा नक्षीची किनार घुसली की स्कॅनरला कोड कुठे सुरू होतो ते कळत नाही. उंची कापली तर कोड वाचला जातो, पण पाकीट फिरवून फिरवून. काउंटरवर रांग असताना कोणाला त्यासाठी वेळ नसतो, आणि असा माल दुकानदार पुढच्या वेळी मागवताना हात आखडता घेतो.

रंगांचा हिशोब डोळ्यांनी करू नका. स्कॅनर बहुतेक लाल प्रकाशावर चालतात, म्हणून लाल रंग त्यांना पांढऱ्यासारखा दिसतो. पांढऱ्यावर लाल रेघा आपल्याला ठळक दिसतात, स्कॅनरला दिसतच नाहीत. उलट मिरची पावडरच्या लाल पाऊचवर काळ्या रेघा चालतात. हळदीच्या पिवळ्या पाऊचवरही काळ्या चालतात. हिरव्या पाऊचवर काळ्या मात्र नकोत, आधी पांढरा चौकोन द्या. काळा रंग एकाच शाईचा ठेवा. चार रंग मिसळून केलेला काळा जरासा सरकला तरी रेघा जाड होतात.

भडंगाच्या पारदर्शक पाऊचवर आणि चंदेरी पाऊचवर कोडखाली पांढऱ्या शाईचा भरीव चौकोन हवाच. पारदर्शक खिडकीतून हळद दिसते त्या भागात कोड टाकू नका.

जागा मागच्या बाजूला, खाली उजवीकडे. कोणत्याही कडेपासून किमान ८ मिमी आत, सील, घडी आणि झिप यांपासून दूर. लहान व्यासाच्या बरणीवर कोड शिडीसारखा, म्हणजे रेघा एकावर एक येतील असा लावा. उभ्या रेघा बरणीच्या गोलाईत मागे वळतात आणि दोन्ही टोके एकदम दिसत नाहीत.

सावधान: भेट बॉक्सवर बॉक्सचाच कोड दिसला पाहिजे. आतल्या पाकिटांचे कोड बाहेरून दिसत असतील तर काउंटरवर एखाद्या पाकिटाचीच किंमत लागेल.

## पायरी ६: सिलिंडरआधी चाचणी

पाऊचच्या छपाईत प्रत्येक रंगाचे सिलिंडर वेगळे असते, आणि ते झाल्यावरची दुरुस्ती महाग पडते. म्हणून 'प्रूफ ठीक आहे' असे कळवण्याआधी हे करा.

प्रूफची प्रिंट खऱ्या आकारात काढा आणि कोड पट्टीने मोजा. मग यूएसबी स्कॅनर कॉम्प्युटरला जोडा, एक्सेलची यादी उघडा आणि मालाच्या ओळीपुढच्या रिकाम्या चौकोनात क्लिक करून कोड वाचा. स्कॅनर कीबोर्डसारखाच नंबर टाइप करतो. दोन्ही रकाने जुळले पाहिजेत. १९ मालांचे १९ प्रूफ असेच पाहा, कारण २०० ग्रॅमचा कोड ५०० ग्रॅमच्या पाऊचवर जाणे ही फार नेहमीची चूक आहे आणि ती नुसत्या नजरेला दिसत नाही.

स्कॅनर नसेल तर सांगलीत गणपती पेठेतल्या किंवा विश्रामबागेतल्या बिलिंग मशीन असलेल्या ओळखीच्या दुकानात प्रूफ घेऊन जा. फक्त मोबाइलच्या भरवशावर राहू नका. मोबाइलचा कॅमेरा खराब कोडही वाचतो, काउंटरचा जुना स्कॅनर वाचत नाही.

छपाई सुरू झाल्यावर पहिले काही पाऊच मागवा, त्यात माल भरा, सील करा आणि भरलेल्या पाकिटावर पुन्हा चाचणी घ्या. भडंगाचे पाकीट फुगते आणि सपाट कागदावर नीट वाचलेला कोड तिथे वळतो. मोठ्या साखळीला माल द्यायचा असेल तर बारकोड पडताळणी यंत्रावर ग्रेड काढून घ्या. १३ अंकी कोडसाठी किमान १.५, म्हणजे सी ग्रेड, लागते.

## पायरी ७: स्टिकरवर कोड छापत असाल तर

कमी माल असेल तर स्टिकर हाच शहाणपणाचा मार्ग आहे, पण प्रिंटरचे गणित समजून घ्या. २०३ डीपीआय (इंचात २०३ ठिपके) प्रिंटरचा एक ठिपका सुमारे ०.१२५ मिमीचा असतो. सगळ्यात बारीक रेघ २ ठिपक्यांची ठेवली तर ती ०.२५ मिमी होते, ८० टक्के आकाराला लागणाऱ्या ०.२६४ मिमीपेक्षा कमी. म्हणून ३ ठिपके ठेवणे सुरक्षित, पण मग कोरी जागा धरून कोडची रुंदी ४२.४ मिमी होते. बाजारात सहज मिळणाऱ्या ३८ बाय २५ मिमी लेबलवर ती मावत नाही. लोक मग सॉफ्टवेअरमध्ये कोड ओढून बसवतात आणि रेघांचे प्रमाण बिघडते. ५० मिमी रुंदीचे लेबल घ्या, रुंदीचा प्रश्न मिटतो.

रिबनशिवाय छापणाऱ्या थर्मल प्रिंटरचे स्टिकर उन्हात आणि उष्णतेत काळवंडतात किंवा उडतात. तेलकट लोणच्याच्या बरणीवर तर ते टिकतच नाहीत. रिबनवाली छपाई घ्या.

## पायरी ८: खोक्याचा कोड

पाकिटावरचाच कोड खोक्यावर चिकटवू नका. गोदामात २४ पाकिटांचे खोके एक पाकीट म्हणून जमा होईल आणि तुमचे पैसे अडकतील.

खोक्याला १४ अंकी नंबर लागतो. पाकिटाच्या नंबरमधला शेवटचा अंक काढा, सुरुवातीला १ ते ८ यातला एक अंक लावा आणि पडताळणी अंक नव्याने काढा. १३ अंकांवर हे गणित करताना पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या अशा विषम जागांना तिप्पट करायचे. पायरी ४ मधल्या नंबरच्या पाकिटांच्या खोक्याचा नंबर होईल १८९०१२३४५६७८९७. शेवटचा ० जाऊन ७ आला आहे. जुना ० तसाच ठेवणे ही इथली हमखास चूक. १२ पाकिटांचे आणि २४ पाकिटांचे खोके असेल तर हा सुरुवातीचा अंक वेगवेगळा द्या.

हा कोड खोक्याच्या तळापासून ३२ मिमी वर, निदान दोन लगतच्या बाजूंना छापा. तपकिरी पुठ्ठ्यावर रेघा फिक्या पडत असतील तर पांढरे लेबल लावा. चिकटपट्टी कोडवरून जाऊ देऊ नका.

## पायरी ९: माहिती भरा, मग माल पाठवा

नंबर घेऊन काम संपत नाही. जीएस१ इंडियाच्या डेटाकार्ट या ऑनलाइन नोंदवहीत प्रत्येक नंबरपुढे मालाचे नाव, ब्रँड, वजन आणि फोटो भरा. ते रिकामे राहिले तर पोर्टलला नंबर तुमच्या नावावर दिसतो, पण कोणत्या मालाचा ते दिसत नाही.

दुकानदाराला नंबरांची यादी मेलने एक्सेलमध्ये पाठवा, फोनवर सांगू नका. पहिला माल गेला की त्याच्या काउंटरवर प्रत्येक प्रकाराचे एकेक पाकीट वाचायला लावून नाव आणि एमआरपी बरोबर येते का ते स्वतः पाहा.

## नवा नंबर कधी घ्यायचा

वजन बदलले, ब्रँडचे नाव बदलले, किंवा घटक असे बदलले की लेबलवरची माहिती बदलावी लागली, तर नवा नंबर. '२० टक्के जादा' असे पाकीट काढले तर वजन बदलते, म्हणून तिथेही नवा. दुकानदार झिप पाऊच आणि साधे पाऊच वेगवेगळे मागवत असेल तर दोन नंबर. एमआरपी बदलली, बेदाण्याचा नवा हंगाम सुरू झाला, बॅच बदलली किंवा दळण दुसऱ्या गिरणीत गेले, तर जुनाच नंबर चालतो.

वार्षिक शुल्काची तारीख जीएसटी विवरणपत्रांच्या तारखांसोबतच लिहून ठेवा. सदस्यत्व संपले की नंबर वापरण्याचा हक्कही संपतो, आणि तेव्हा गोदामात त्याच नंबरचे छापलेले पाऊच शिल्लक असतात.